अलिबागची बिनपाटीची खानावळ : मलिद्याला पैकीच्या पैकी, गोड हलव्याला काठावर पास

आधी कामाचं सांगते. अलिबागला इस्रायल आळीपासून चालत पाच-सात मिनिटांवर एक घरगुती खानावळ आहे. मागच्या अंगणात दोन खोल्या भाड्याने मिळतात, आणि घरच्या पुतण्याची सहा आसनी मिनीडोर दिवसभरासाठी ठरवता येते. आम्हा बेने इस्रायलांना, म्हणजे मराठी ज्यूंना, कोकणात आल्यावर जे जे लागतं ते या एका घरात मिळतं. खवल्यांचे मासे, शब्बाथचं (शुक्रवार संध्याकाळ ते शनिवार, आमच्या विसाव्याच्या दिवसाचं) जेवण, नवसाचा गोड पोह्यांचा मलिदा आणि टप्प्यापर्यंत, म्हणजे खंडाळ्याच्या आमच्या नवसाच्या ठिकाणापर्यंत, नेणारी गाडी. घराला पाटी नाही. मावशींनी बजावून ठेवलंय, "नाव नको छापू बाय, रविवारची बिअरवाली पोरं येतील मंग." म्हणून नाव लिहीत नाही. आळीत कुणालाही मलिदा करून देणाऱ्या मावशी विचारल्या की बोट दाखवतात.

आम्ही गेलो ते भाचीच्या नवसासाठी. ती अश्दोदला असते, नवरा मूळ मोरोक्कोच्या घरातला. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी मुलगा झाला, आणि माझ्या बहिणीने तेव्हाच एलियाहू हनाबीला, आमच्या प्रेषित एलियाला, मलिदा बोलून ठेवला होता. बहीण आता नाही. नवस फेडायचा तर तो टप्प्यावरच, असं भाचीने ठरवलं आणि पोराला घेऊन दोघं थेट ठाण्याला माझ्याकडे येऊन थडकली. जावई धार्मिक आहे. म्हणजे नुसता टोपी घालणारा नाही, पाकिटावरची बारीक अक्षरं वाचणारा. अशा माणसाला घेऊन अलिबागला जायचं तर जेवायचं कुठे, हा पहिला प्रश्न.

या प्रश्नावर हॉटेलवाल्यांचं उत्तर ठरलेलं असतं. "मॅडम, व्हेज घ्या ना मग." काही वर्षांपूर्वी त्याच पट्ट्यातल्या एका रिसॉर्टमध्ये आम्ही 'ज्यू हेरिटेज थाळी' अशी जाहिरात बघून गेलो होतो. लॉबीत शोभेचा लाकडी घाणा, शेजारी सेल्फी काढायला गोल चौकट, आणि ताटात कोळंबीचं लोणचं! मॅनेजरला म्हटलं, अहो, कोळंबी आम्हाला चालत नाही. तर म्हणतो, "पण मॅडम, ही तर कोकणची स्पेशालिटी आहे." बरोबर आहे त्याचं. आम्हीही कोकणचीच स्पेशालिटी आहोत, फक्त कोळंबी न खाणारी.

या मावशींकडे हे समजावून सांगावं लागत नाही, आणि पाचपैकी साडेचार तारे मी त्यासाठीच देतेय. मी फोनवर सुरुवात केली, "मावशी, आमच्यात ना..." तर मला मधेच तोडून म्हणाल्या, "मना सगला म्हाईत हाय. कोलंबी नाय, कुर्ल्या नाय, माकूल नाय, मुशी नाय, पाकट नाय. मटण-कोंबडी कापाला तुमचा मानूस नाय, म्हनून ती पन नाय. हलवा भेटला तं हलवा, नाय तं रावस. आनि दूध ताटात नाय." संपलं. एवढं नीट मला माझ्या सुनेला सांगता आलेलं नाही.

मावशी आगरी. लहानपणी शेजारच्या घरात आमच्यातलं एक मोठं कुटुंब राहायचं. त्या घरातल्या म्हाताऱ्या बाईच्या हाताखाली मावशी वाढल्या. वाल सोलायला, नारळ खवायला, शुक्रवारी संध्याकाळी दिव्यात तेल-पाणी ओतून द्यायला. मग ते कुटुंबही इतरांसारखं इस्रायलला गेलं. १९४८ नंतर आमच्यातली घरंच्या घरं तिकडे गेली. वीसेक हजारांची वस्ती होती, ती आता सगळ्या देशात मिळून चार-पाच हजारांवर आलीये, त्यातली बहुतेक मुंबई-ठाण्यात. जाताना म्हातारीने मावशींना दोन पितळी टोप, एक रोळी आणि मलिद्याचा थाळा दिला. ही भांडी अजून वेगळ्या फळीवर असतात. घरच्या कोळंबीला ती लागत नाहीत. जावयाने स्वयंपाकघरात शिरून फळी, विळी, पाटा सगळं निरखलं. मावशींनी त्याच्याकडे बघून भाचीला विचारलं, "यो भाड्याची खोली बघतंय का पोरगी बघतंय?"

तरी एक अडचण उरलीच. जावयाच्या मते चुलीवर भांडं चढवणारा हात ज्यू हवा. मला वाटलं आता मावशी बिनसणार. पण त्यांनी माशाच्या रश्शाचा टोप त्याच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "म्हातारी पन अशीच होती. ठेव बाबा तूच. करपला तं तुझा." त्याने टोप ठेवला, गॅस लावला, आणि बाजूला होऊन बसला. पुढचं सगळं मावशींनी केलं. रस्सा करपला नाही.

शरबताचं तर मी मुद्दाम लिहिणार. किद्दुशसाठी, म्हणजे शब्बाथच्या पेल्यावरच्या आशीर्वादासाठी, द्राक्षारस नसला तर आपण काळ्या मनुका भिजवून, चुरून, गाळून शरबत काढतो हे आपल्या वाचकांना माहीत आहे. मावशी मनुका आणतात, निवडतात, धुतात, आदल्या दिवशी सांगितलं तर बी काढून ठेवतात. पण पुढे हात लावत नाहीत, तो रस ज्यू हातानेच निघायला हवा. भिजवायचं पातेलं, पाणी, पातळ फडकं, गाळायचं भांडं असं सगळं समोर मांडतात आणि उठून जातात. त्या म्हातारीने घालून दिलेली शिस्त, दुसरं काय. जावयाने हे पाहिलं तेव्हापासून त्याने फळीकडे बघणं सोडलं. शुक्रवारी दुपारी भाचीने आणि मी ते शरबत काढलं. मनुका चांगल्या होत्या, साखर घालावी लागली नाही.

आता जेवण. शुक्रवारी रात्रीचं पान असं होतं: बिरडं, हलव्याचा रस्सा, तळलेले बांगडे, भात, पांढऱ्या कांद्याची कोशिंबीर, सोलकढी, आणि आशीर्वादासाठी फडक्याखाली दोन पोळ्या. पोळ्या गव्हाच्या. मावशींच्या घरी रोज तांदळाची भाकरी असते, पण हमोत्झीला, म्हणजे पोळीवरच्या आशीर्वादाला, ती चालत नाही, गव्हाची लागते, हेही त्यांनी न विचारता केलेलं. पोळ्यांशेजारी मिठाची वाटी.

बिरड्याबद्दल मी जरा लांबण लावणार आहे, कारण सध्या बिरडं म्हणून जे काही खायला घालतात त्यात वाल अर्धे सालासकट असतात. इथे वाल गावठी, बारीक, किंचित कडवट. दोन दिवस मोड काढलेले, कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा चिमटीत धरून साल सोडवलेलं. शिजून दाणा अख्खा राहिला होता आणि जिभेने दाबला की फुटत होता. नारळाचं दूध शेवटी, उकळी न आणता. आले-लसूण जेमतेम, कोकम दोन पाकळ्या. आमच्याकडे आब महिन्याच्या उपासानंतर, यरुशलेमचं मंदिर पडलं त्या दुखवट्याचा उपास सोडताना, बिरडंच करतात. म्हणून बिरड्याचा सण म्हणायचे जुने लोक. मावशींना तिथी माहीत नाही, पण "पावसात, श्रावनाच्या आसपास" असं त्या बरोबर सांगतात. दारफाळणीही त्यांना ठाऊक आहे. किप्पुरचा, म्हणजे प्रायश्चित्ताच्या मोठ्या उपासाचा दिवस, शेजारचं घर आतून बंद, पोरांना आवाज करायची बंदी. त्याच्या दुसऱ्या दिवशी, शिळ्या सणाला, त्या घरून ताट यायचं. ताटात काय असायचं हे त्यांनी मला इतक्या बारकाईने सांगितलं की माझ्या आईने कधी सांगितलं नव्हतं.

सोलकढी समोर आल्यावर जावयाने पेला बाजूला सरकवला. माशाबरोबर दूध त्याच्याकडचे लोक घेत नाहीत. नारळ आहे म्हणून सांगितलं, तरी वास घेतला, मग एक घोट, मग तिसरा पेला मागितला. आमच्या बायकांनी शतकानुशतकं दुधातुपाला बाजूला ठेवून मांसाचं जेवण रांधलं, ते या नारळाच्या जिवावर. वाळवंटात राहिलो असतो तर काय केलं असतं कोण जाणे.

माशांवरून ती दावीद राहाबीची गोष्ट निघालीच. कोणीतरी परदेशी ज्यू कोकणात आला, त्याला शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली, म्हणजे आमचेच पूर्वज, दिसले, संशय आला. त्याने त्यांच्या बायकांना निरनिराळ्या जातींचे मासे आणून दिले आणि रांधायला सांगितले. बायकांनी पर आणि खवलं असलेले तेवढे घेतले, बाकीचे परत केले. त्यावरून त्याने ओळखलं. मग त्याने प्रार्थना शिकवल्या आणि तीन घराण्यांतल्या माणसांना काजी नेमलं. भाचीने ही गोष्ट हिब्रूत जावयाला सांगितली. तो म्हणाला, म्हणजे तुमच्याकडे पुस्तक नव्हतं, नुसता बाजार होता? मी म्हटलं, आणि शेमा होता. तेवढी एक प्रार्थना पाठ होती, ती जन्मापासून मरणापर्यंत सगळ्याला म्हणायचे.

शुक्रवारी संध्याकाळी मागेन आबोथ. सिनेगॉगचं परीक्षण करायला मी बसलेली नाही, पण खानावळीपासून तिथवर चालत जाता येतं हा या जागेचा मोठा गुण, कारण शब्बाथला गाडी नाही. १८४८ साली उभं राहिलेलं, १९१० मध्ये पुन्हा बांधलेलं. वस्ती आता मोजक्या घरांची. प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष जमतील की नाही ही धाकधूक होतीच; मुंबईहून आलेला एक गट होता, त्यामुळे मिन्यान झालं. जावई मोजण्यात आला आणि तो खूश झाला, अश्दोदमध्ये त्याला कोण मोजतो! प्रार्थना चालवणाऱ्या हजानने शब्बाथच्या स्वागताचं 'लखा दोदी' आपल्या चालीवर घेतलं, ती चाल ऐकून भाचीला आईची आठवण आली आणि ती बाहेर जाऊन उभी राहिली. जुने लोक सिनेगॉगला मशीदच म्हणायचे. मुंबईच्या मस्जिद बंदर स्टेशनाचं नावही आपल्या १७९६ च्या जुन्या मशिदीवरूनच पडलं, असं आमच्याकडचा प्रत्येक म्हातारा शपथेवर सांगतो. ती बांधणारे सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजे दिवे आगरचे. टिपूच्या कैदेतून सुटून आले म्हणून त्यांनी ती बांधली. नवस फेडायची सवय आमच्यात जुनी आहे.

शनिवार. ही सेवा खरी कळते ती शनिवारी. मावशी त्या दिवशी पैशाचा विषय काढत नाहीत. फोन नाही, बेल नाही, "साहेब, चहा टाकू का" नाही. गॅसवर शुक्रवारी सूर्य मावळायच्या आधीच पत्रा टाकलेला, त्यावर वालाच्या भाताचा टोप आणि पाण्याचं पातेलं. गॅस मंद, कोणी हात लावायचा नाही. खोलीतला दिवा आधीच लावून ठेवलेला, आणि बटणावर चिकटपट्टी, म्हणजे पोराने चुकून दाबू नये. ही चिकटपट्टी पाहून मी मनात एक तारा वाढवला. जावई म्हणाला, इस्रायलमधल्या काही हॉटेलांतसुद्धा इतकं नसतं. (तो अश्दोदच्या हॉटेलांवर एरवीच नाराज असतो, तेव्हा हे थोडं कमी करून घ्या.)

सकाळी प्रार्थनेनंतर किनाऱ्यावर चालत गेलो. ओहोटी होती, लोक कुलाबा किल्ल्यात चालत जात होते. तिकीट काढावं लागतं म्हणून आम्ही बाहेरूनच पाहिला. परतल्यावर मावशी अंगणात बसून शेंगा निवडत होत्या. मी विचारलं, घाणा चालताना पाहिलाय का हो कधी? म्हणाल्या, त्यांनी पाहिला नाही, सासऱ्यांनी पाहिला होता. "ते सांगाचे, तुमची मानसं शनवारी बैलाला पन सोडून ठेवाची. बैल नुसता रवंथ करत बसाचा. लोक हसाचे." बैलाला विसावा देणं हे तर आज्ञेतच लिहिलंय. शनिवार तेली हे आमचं नाव लोकांनी चेष्टेत दिलं असेल की नुसतंच ओळखायला, पण त्यात बैलाचाही वाटा आहे.

आता तक्रार, कारण साडेचार तारे आणि पाच यांच्यामधली जागा रिकामी ठेवून चालत नाही. हलवा. मासा नव्हे, गोड. चिकाचा हलवा हे आमच्या नव्या वर्षाचं पक्वान्न. गहू तीन दिवस भिजवा, वाटा, गाळा, चीक खाली बसू द्या, वरचं पाणी काढा, नारळाच्या दुधात साखर घालून आटवत बसा. हात भरून येतात, घरातलं सगळ्यात तरुण माणूस ढवळायला बसवावं लागतं. मावशींनी "हलवा पन हाय" म्हटल्यावर मी हरखले. थाळीत वड्या गुलाबी, वर बदामाचे काप, दिसायला सुरेख. तोंडात टाकली आणि कळलं, कॉर्नफ्लोअर आणि चायना ग्रास. वडी दाताखाली उसळते, विरघळत नाही. विचारलं तर मावशींनी लपवलं नाही. म्हणाल्या, चीक काढायला आता मनगटात जोर नाही आणि सुनेला वेळ नाही. मग त्याला चिकाचा हलवा म्हणू नका, नुसता हलवा म्हणा, आणि दर कमी करा. अर्ध्या किलोचे साडेचारशे हे या वडीला जास्त आहेत.

दुसरी तक्रार मिनीडोरची. पुतण्या गाडी उत्तम चालवतो, वाटा माहीत आहेत, पण गाण्याचा आवाज! खंडाळ्याच्या वाटेवर मला दोनदा त्याच्या खांद्यावर टिचकी मारावी लागली. तिसरी, खोलीतलं न्हाणीघर बाहेर अंगणात आहे. गुडघे दुखणाऱ्यांनी रात्रीचा विचार करून या.

रविवारचा मलिदा. ज्यांना फक्त मलिदा मागवायचा असेल त्यांनी हा भाग नीट वाचा. दहा-बारा माणसांचा थाळा नऊशे रुपयांना, फळं आपली आणली तर सहाशे. आदल्या रात्री सांगितलं तरी चालतं, पण साबजाची डहाळी हवी असेल तर दोन दिवस आधी.

पहाटे मी मुद्दाम स्वयंपाकघरात जाऊन बसले. पोहे जाडे. मावशी ते पाण्यात भिजवत नाहीत. त्या जुन्या रोळीत घेऊन वरून पाणी ओततात, हाताने एकदा खालवर करतात आणि झाकून ठेवतात. नारळ तोवर खवायला घ्यायचा. खोबरं पांढरंच हवं, पाठीचा काळा भाग लागला तर त्या ते बाजूला काढून घरच्या कालवणात टाकतात. मग परातीत पोहे मोकळे करून खोबरं आणि साखर. गूळ की साखर, यावर आमच्यात घराघरांत भांडणं आहेत. मावशी विचारतात आणि सांगाल ते घालतात. आम्ही साखर सांगितली. वेलची-जायफळ, बदाम-पिस्त्याचे काप, बेदाणे. हाताने कालवताना बोटं उघडी, मूठ वळायची नाही. एक दाणा उचलून दोन बोटांत दाबला, मऊ झाला पण चिकटला नाही, तेव्हा थांबल्या. थाळ्यात डोंगर रचला, वर गावठी गुलाबाच्या पाकळ्या, कडेने खजूर, केळी, संत्री, सफरचंद, चिकू. साबजाची डहाळी शेवटी, ओल्या फडक्यात गुंडाळून वेगळी. पाच फळं का, आणि कुठलं फळ कुठल्या आशीर्वादाला, हे त्यांना पाठ आहे. खजूर झाडाचा. केळं जमिनीचं, कारण केळीला आपण झाड धरत नाही. साबजा वासाचा. फळं त्यांनी त्याच क्रमाने मांडली होती, म्हणजे आशीर्वाद म्हणणाऱ्याला शोधाशोध नको. जावयाने हे पाहिलं आणि थाळ्याचा फोटो काढून आपल्या आईला पाठवला.

टप्पा खंडाळ्याला आहे. लोणावळ्याचं खंडाळा नव्हे, अलिबाग-पेण रस्त्यावरचं, सागाव-तळवलीच्या बाजूचं. एलियाहू हनाबी अग्निरथातून स्वर्गात गेला, जाताना इथे टेकला आणि त्याच्या रथाच्या घोड्याच्या टापेची खूण खडकावर उमटली, अशी आमची श्रद्धा. शेवाट महिन्याच्या पौर्णिमेला, झाडांच्या नव्या वर्षाला, इथे उरूस भरतो आणि मुंबई-ठाण्याहून गाड्या भरभरून येतात. आम्ही त्याच्या आधीच्या आठवड्यात गेलो, गर्दी नको म्हणून. इस्रायलहून येणारे लोकही हल्ली इथे नवस फेडायला येतात. पुतण्याने चटई, पाण्याचा कॅन आणि थाळ्यावर टाकायला जाळी आणली होती; माश्या असतात. पोराने खडकावरच्या खुणेवर स्वतःचा पाय ठेवून पाहिला. 'एलियाहू हनाबी' म्हणताना जावयाची चाल एक, आमची एक, दोन्ही एकत्र चालल्या आणि कशाबशा शेवटाला एकदम पोचल्या. मग मलिदा वाटला. तासाभराने वाटूनही तो मोकळाच होता, खाली पाणी सुटलं नव्हतं. या कामात माझ्या आईचा हात धरणारा मी दुसरा पाहिला नव्हता. मावशींना पैकीच्या पैकी.

परतताना नवगाव. थळ-किहीमच्या पट्ट्यात, समुद्राच्या अंगाला आपली जुनी दफनभूमी आहे आणि स्मारकाचा स्तंभ आहे. गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या, बाकीच्यांची प्रेतं किनाऱ्यावर लागली आणि इथे पुरली, अशी मूळ कथा. त्या सात जोडप्यांचा पसारा म्हणजे आम्ही, आणि मग गावोगाव पसरून किहीमकर, चेउलकर, पेणकर, रोहेकर, झिराडकर झालो. हिंदी सिनेमातले डेव्हिड अब्राहम चेउलकर यांचं घराणं चौलचं, डॉक्टर जेरुशा झिराड यांचं झिराडचं. पुतण्याने गाडी फाटकाबाहेर लावली आणि आम्ही बाहेर येण्याआधी कॅन आणि तांब्या घेऊन उभा राहिला, हात धुवायला. दफनभूमीतून निघताना हात धुतात हे त्याला कोणी सांगितलं, विचारलं. "मावशीने. पहिल्यांदा विसरलो तर शिव्या खाल्ल्या." गाण्याच्या आवाजाबद्दल मी त्याला तिथे माफ केलं.

रेवदंड्याचं बेथ एल सिनेगॉग १८४२ चं आहे, अलिबागच्याही आधीचं. तिकडे जायचं ठरलं होतं, पण पोर झोपेने पेंगलं आणि वडखळच्या ट्रॅफिकची धास्ती होती, म्हणून राहिलं. रेवदंड्याला पुतण्या वेगळे पाचशे घेतो. आक्षी, नागाव, चौल करत जाणारा रस्ता अरुंद आहे, रविवारी संध्याकाळी नका जाऊ.

हिशोब असा. खोली रात्रीची अठराशे, माशाचं पान चारशे, बिनमाशाचं अडीचशे, मिनीडोर रविवारचा पूर्ण दिवस दीड हजार. इस्रायलहून आलेल्यांना वेगळा दर नाही, हे मी खात्री करून लिहितेय, कारण इतरत्र डॉलर बघून दर वाढतात. मावशी पैसे रविवारीच घेतात, रोख. नातसुनेच्या फोनवर ऑनलाइनही घेतात, पण अंगणात रेंज येत नाही, गल्लीच्या तोंडाशी जावं लागतं.

मटण खायचं असेल तर मुंबईहून आपल्या माणसाने कापलेलं आणि बर्फात घातलेलं आणावं लागेल, मावशी त्याच भांड्यांत रांधून देतात; त्याआधी दूध लागलेलं काही घरात नाही ना, ते स्वतः विचारून घ्या. पेसाहच्या (खमीर वर्ज्य असलेल्या सणाच्या) दिवसांत त्या बाहेरच्यांना जेवण देत नाहीत, "तवा माझ्या हातून काय चुकलं तं म्हातारी सपनात येल" म्हणून. शनिवारी फोन करू नका. मावशी उचलतील, पण आपला फोन उचलल्यावर काय ऐकवतील ते मी इथे लिहू शकत नाही.

जावयाचं मत विचारलं तर त्याने चारच तारे दिले असते. एक तारा कॉफीसाठी कापला. मावशींकडे कॉफी म्हणजे दूध-साखरेचा उकाळा, आणि त्याला काळी, कडू, वेलची घातलेली हवी होती. पण त्याला मराठी लिहिता येत नाही, तेव्हा साडेचारच धरा.